पाय काढा, मॅडम

१

गाडीचा क्लच घसरायला लागला की आधी चालवणाऱ्याचा पाय तपासतात, आणि चालवणारी बाई असली तर त्यापुढे काही तपासतच नाहीत. हे मला सेलूत राहून कळलं.

मी वालूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. राहायला सेलूला. बसच्या वेळा आणि शाळेच्या वेळा कधीच जमल्या नाहीत, म्हणून आम्ही ही जुनी पांढरी गाडी घेतली. नवऱ्याने, केयूरने, ती पसंत केली आणि मी ती चालवायला शिकले. पहिलं वर्ष चांगलं गेलं. सकाळी निघायचं, बसस्टँडजवळ बबिताला घ्यायचं आणि वालूर गाठायचं. बबिता त्याच शाळेत मराठी शिकवते. डाव्या सीटवर बसून ती वाटभर बोलते आणि मी हं हं करते.

दिवाळीनंतर गाडी वेड्यासारखं वागायला लागली. चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडायचं, वेग मात्र वाढायचा नाही. मग पुठ्ठा जळाल्यासारखा वास यायचा. बबिता पदर नाकाला लावायची आणि काच खाली करायची.

केयूरला सांगितलं तर मोबाइलमधून डोकं वर न काढता तो म्हणाला, "क्लचवर पाय ठेवून चालवायलीस तू."

"नाही ठेवत."

"कळत नाही गं ते. सवयीने राहतो पाय. सगळ्या नवशिक्यांचं असंच असतं."

मी नवशिकी नव्हते. ते सांगून काही उपयोग नव्हता.

२

पाथरी रस्त्यावर हरिओम मेस्त्रीचं गॅरेज आहे. त्याच्याकडे गाडी नेली. त्याने हँडब्रेक ओढला, चौथा गिअर टाकला आणि क्लच हळूहळू सोडला.

"आता बघा. क्लच चांगला असंल तर इंजन फटकन बंद पडतंय."

इंजिन घरघरत राहिलं. बऱ्याच वेळाने, नाइलाज झाल्यासारखं बंद पडलं.

"गेली प्लेट," तो म्हणाला. "मॅडम, तुमी पाय ठिवायलाव क्लचवर."

"नाही ठेवत हो."

"सगळेच न्हाई म्हणतेत."

गिअरबॉक्स उतरवून त्याने प्लेट काढली आणि माझ्यापुढे धरली. घासून घासून तिची काच झाली होती. कडेला निळसर डाग होते. "ही झिजल्याली न्हाई, जाळल्याली हाय," तो म्हणाला आणि माझ्या चपलांकडे बघितलं. त्याच्याकडे आलेला एक ट्रॅक्टरवाला माणूसही बघायला लागला.

प्लेट बदलली, बेरिंग बदललं, केबल नवी टाकली. पेडलला जरा ढील ठेवली. गाडी ताब्यात देताना हरिओमने मला लहान मुलीला सांगावं तसं सांगितलं, की गिअर बदलला की डावा पाय उचलायचा आणि खाली मॅटवर सपाट ठेवायचा. दुसरं काही करायचं नाही.

मला राग आला, पण मी तसंच करायचं ठरवलं. निदान या लोकांची तोंडं बंद होतील.

३

मी पाय मॅटवर ठेवायला लागले, अगदी पेडलपासून लांब, टाच सीटला टेकवून. प्रत्येक गिअरनंतर बबिताला दाखवत होते. "बघ, खाली आहे ना?" बिचारी वाकून बघायची आणि "हाय, ताई" म्हणायची.

आणि गाडी आधीपेक्षा जास्त घसरायला लागली.

एका सकाळी कापसाने भरलेला ट्रॅक्टर पुढे चालला होता. ओलांडायला रेस दिली, इंजिन ओरडलं आणि गाडी ट्रॅक्टरच्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध, नुसती लोंबकळत राहिली. समोरून टेम्पो येत होता. मी कशीबशी मागे घेतली.

"पाय कुठे आहे माझा? बघ, पाय कुठे आहे?" मी बबितावर खेकसले.

ती वाकून बघत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ.

"पाय खालीच हाय, ताई."

"मग?"

"ते पेडल बी खाली गेलंय."

रस्त्यावरची नजर काढता येत नव्हती. मी डावा पाय उचलून चाचपडत पेडल शोधलं. ते होतं तिथेच, वरती, जिथे असायला हवं तिथे. आणि त्याच क्षणी गाडीने वेग पकडला.

"वर आहे की," मी म्हटलं.

"मला तसं दिसलं," बबिता म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून जीपने यायला लागली. वासाने डोकं दुखतं म्हणाली.

आता माझ्या बाजूने बोलणारी एक साक्षीदार होती, तीही गेली.

४

नवी प्लेट महिन्याच्या आत जळाली. हरिओमने ती काढून बघितली, मोठा श्वास सोडला आणि दुसरी बसवली. मग तो गाडीखालच्या खड्ड्यात उतरला. इंजिन बंद होतं. गाडीत कोणी नव्हतं. मी बाहेर लिंबाच्या सावलीत उभी होते. सकाळपासून वर्गात उभं राहून पाय भरून आले होते, म्हणून कधी या पायावर भार देत होते, कधी त्या.

"मॅडम," खालून आवाज आला, "पाय काढा."

मला वाटलं तो दुसऱ्या कोणाला म्हणतोय.

"मॅडम, क्लचवरचा पाय काढा की. लिव्हर हलायलाय हितं, बोट सापडंल माझं."

मी उजव्या पायावर भार घेतला.

"हां. आता ऱ्हाऊ द्या तसंच."

त्याला वाटत होतं मी आत बसले आहे. मी सांगणार होते, मी इकडे आहे म्हणून. पण सांगितलं नाही. मी खाली बघितलं. तिथली जमीन ऑइल पिऊन पिऊन काळी झाली होती. मी डावा पाय जरा जोराने टेकवला. पायाखालची माती दबली. मला वाटलं, मऊ आहे. ऑइलने भुसभुशीत झाली असेल.

"परत ठिवलाव," खालून आवाज.

पाय उचलला.

"हां."

पुन्हा टेकवला.

"अहो मॅडम, खेळ लावलाव का?"

हरिओम खड्ड्यातून वर आला. हाताला काळं ग्रीस, कपाळावर आठ्या. गाडीची चारही दारं बंद होती आणि मी लिंबाखाली उभी होते, गाडीपासून चांगली लांब. त्याने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कवा उतरलाव?"

"मी बसलेच नव्हते."

मला अजून आठवतं, त्या माणसाला भीती वाटली नाही, उलट वैताग आला.

"मंग केबल अडकायली," तो म्हणाला. "नवी बी खराबच येत्यात आजकाल." आणि त्याने तिसरी केबल टाकली.

मी घरी आले ती दुसऱ्या गिअरमध्येच, डावा पाय पोटाशी घेऊन. गिअर बदलायचा म्हणजे पाय खाली न्यायला लागला असता. मागून येणारे हॉर्न वाजवत होते. गाडी मात्र जराही घसरली नाही.

५

मी विज्ञान शिकवते. एकदा झालं तर योगायोग, परत परत झालं तर मोजून बघायचं, असं मी मुलींना सांगते. म्हणून रविवारी केयूरला म्हटलं, "तू गाडीत बस. मी घरात उभी राहते. पेडल हलतं का ते सांग."

"कशासाठी?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे मी म्हणत होतो तेच की. पाय तुझाच आहे."

"केयूर, मी गंमत करत नाहीये."

"मीही नाही. एवढ्या वेळा सांगितलं, पाय काढ, पाय काढ. आता तू लिंबाखाली उभी राहून क्लच दाबायलीस." तो हसला. मग माझा चेहरा बघून थांबला. "उद्या आईला आणायचंय परभणीहून. मी एकटा जाणार आहे. तू शाळेत, तुझा पाय शाळेत. गाडी कशी चालते बघू."

सासूबाईंचं, पार्वतीबाईंचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. परभणीला नणंदेकडे होत्या त्या. डोळ्यावर पट्टी.

"रेल्वेने आण ना त्यांना," मी म्हटलं.

"पट्टी बांधलेल्या बाईला गर्दीत चढवू?"

"मग भाड्याची गाडी कर."

"दारात गाडी असताना?" आता त्याचा आवाज चढला. "लोकांना काय सांगू, बायको शाळेत उभी राहिली की आमची गाडी चालत नाही?"

आम्ही दोघं एकाच कॉलेजात होतो. मी त्याला अरे-तुरे करते. सासूबाईंना ते अजून आवडत नाही. भांडण झालं की आम्ही दोघंही पुन्हा त्याच वर्गातले होतो, आणि कोणी मागे हटत नाही. त्या दिवशीही हटलं नाही.

६

सोमवारी मी जीपने वालूरला गेले, डावा पाय दप्तरावर ठेवून. शाळेत पोचल्यावर वर्गात खुर्चीत बसले आणि दुसरी खुर्ची ओढून तिच्यावर पाय ठेवला. मुलींना सांगितलं, पाय मुरगळलाय. त्यांनी खरं मानलं. बबिता दारातून जाताना थांबली, माझ्या पायाकडे बघितलं आणि पुढे गेली.

मधल्या सुट्टीत केयूरचा फोन आला. "निघायलो आम्ही. गाडी येताना मस्त आली. सांगितलं होतं ना."

"शाळा सुटल्यावर निघ ना, केयूर. मी घरी जाऊन आडवी होते, मग निघ."

"आईला भूक लागलीय, घरी जायचं म्हणायलीय. ठेवतो."

जेवणानंतरच्या तासाला मुख्याध्यापक माणिकराव सर आत आले. त्यांच्याबरोबर तपासणीला आलेले साहेब होते. मुली उभ्या राहिल्या. मीही उभी राहिले, उजव्या पायावर, टेबल धरून, डावा पाय मागे उचलून.

"काय झालं मॅडम?" साहेबांनी विचारलं.

"पाय मुरगळलाय."

"मग टेकवा की हळूच. असं उभं राहिलात तर दुसराही जाईल."

"राहू द्या सर."

माणिकराव सरांना वाटलं मी साहेबांसमोर हट्ट करते आहे. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे सरकवली. "बसा मॅडम, बसा आणि पाय खाली सोडा." खुर्चीचा पाय टेबलाला अडकला, टेबल हललं, माझा हात सुटला. पडू नये म्हणून कोणीही करेल तेच मी केलं. डावा पाय खाली टेकवला.

फरशी खाली गेली.

मऊ नव्हती ती. आधी थोडी ढील, मग स्प्रिंगचा तो ओळखीचा दाब, थेट टाचेपर्यंत. शहाबादी फरशी होती, मी ती रोज बघते. बघत असताना तिला काही झालं नाही. तळव्याखाली मात्र पेडल पूर्ण दाबलं गेलं होतं.

मला गाडी चालवता येते. म्हणूनच मी पाय उचलला नाही. क्लच फटकन सोडला तर गाडी उडी मारते. ती या वेळी कुठे होती, पुढे काय होतं, ट्रक होता की माणूस, मला काही माहीत नव्हतं. आणि दाबून ठेवला तर ती जिथे असेल तिथेच राहील, इंजिन ओरडत राहील. साहेब मला काहीतरी विचारत होते. सर उत्तर देत होते. मी टेबल दोन्ही हातांनी धरलं आणि क्लच हळू सोडायला लागले, चढावर सोडतात तसा, केसाकेसाने.

अर्ध्यावर आला. तिथे एक थरथर असते, गाडी ओढायला लागल्याची. ती लागली. तेवढ्यात माझ्या पायावर वरून कोणीतरी बूट मारला.

जोरात. पूर्ण वजनाने. खाली बघितलं तर माझा पाय, चप्पल आणि फरशी, एवढंच होतं. ते वजन पायावर होतं. एकदा दाबून, थांबून, ते पुन्हा दाबलं गेलं. मग एकदम गेलं आणि माझा पाय वर उडाला. फरशी फरशी झाली.

"बसा मॅडम," सर म्हणाले. मी बसले. मुली माझ्याकडे बघत होत्या.

केयूरने फोन उचलला नाही. परत केला, तरी उचलला नाही. मग त्याचाच आला.

"पलीकडे आलोय," तो म्हणाला.

"कशाच्या पलीकडे?"

"घरी आल्यावर बोलू." त्याचा श्वास ऐकू येत होता. "तू पाय वर घे आणि तसाच ठेव. मी पोचल्याचा फोन करेपर्यंत."

या वेळी आवाजात थट्टा नव्हती.

७

संध्याकाळी मी घरी पोचले तेव्हा गाडी अंगणात उभी होती. सासूबाई पलंगावर बसून चहा पीत होत्या. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा बारीक केलेला.

"ये बाई रेणुका. तुझ्या नवऱ्याला विचार त्याला काय झालंय ते. फाटकाच्या रुळांवर गाडी थांबली. नुसती ओरडायली, जाईना. आन् हा 'पाय काढ, पाय काढ' म्हणून वरडायला. कोणाला म्हणायला होता? मी मागं पाय आखडून बसले, बाई. मला वाटलं माझाच पाय कुठं अडकला."

"मग?"

"मग काय, त्यानं पाय आपटले आन् गाडी टुनकन उडून पलीकडं पडली. मागं लगेच फाटक पडलं. माझ्या हातातला डबा सांडला." त्यांनी कप खाली ठेवला. "रेल्वेनं आले असते तर बरं झालं असतं."

केयूर स्वयंपाकघरात होता. गॅसवर पाणी तापत होतं. मी लंगडत आत गेले तेव्हा तो वळला आणि आधी माझ्या पायाकडे बघितलं.

"फाटकावर पेडल आपोआप खाली गेलं," तो म्हणाला. "मी बघितलं. म्हटलं अडकलंय, पाय मारून मोकळं करावं. पाय मारला." त्याने गॅस बारीक केला. "रबर नव्हतं ते, रेणुका. गरम होतं. आणि मी परत मारला. रेल्वे येत होती, हॉर्न ऐकू येत होता, मला दुसरं काही सुचलं नाही."

मी खुर्चीत बसले आणि चप्पल काढली. पावलावर आडव्या पट्ट्या उठल्या होत्या, लाल, कडेला जांभळ्या. बुटाच्या तळव्याच्या पट्ट्या. त्याने त्या बघितल्या. बूट अजून त्याच्या पायात होते. त्याने खाली बसून ते काढले आणि लांब ढकलून दिले.

"लागलं का फार?"

इतक्या महिन्यांत पायाबद्दल त्याने मला विचारलेला हा पहिला प्रश्न होता. मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, "दोनदा मारायची काय गरज होती?"

त्याने घमेल्यात गरम पाणी ओतलं, मीठ टाकलं. तळव्याखाली हात घालून माझा पाय फरशीवरून उचलला.

बाहेर अंगणात, बंद गाडीत, पेडल कुरकुरत वर आलं. इंजिन बंद, किल्ली खुंटीवर. तरी तो आवाज आम्हा दोघांना नीट ऐकू आला.

केयूरने पाय पाण्यात न्यायला सुरुवात केली, अगदी हळू. तळवा घमेल्याच्या बुडाला टेकला. बाहेर पेडल तितकंच हळू खाली गेलं.

त्याने पाय पुन्हा वर उचलला आणि दोन्ही हातांवर धरून बसून राहिला. पाणी ठिबकत होतं. बाहेरच्या खोलीतून सासूबाई विचारत होत्या, कसला आवाज रे, गाडीत मांजर शिरलं का.

"किती वेळ धरणार?" मी विचारलं.

"बघू," तो म्हणाला आणि हात जरा वर घेतले.